रोटरीची पिन लागल्यानंतरचं पहिलं वर्ष

समाजसेवेचं काम करणाऱ्या रोटरी क्लबात जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पदग्रहण होतं. नव्या अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर पडते, नव्या सभासदांच्या कोटाला पिन लागते, मग जेवण. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घेतात आणि तिथं मेसेज येतो : ‘पीपी सरांनी एजींशी बोलून टीआरएफचं ठरवावं, डीजींची ओसीव्ही जवळ आलीय.’ पीपी म्हणजे माजी अध्यक्ष. एजी म्हणजे असिस्टंट गव्हर्नर, डीजी म्हणजे डिस्ट्रिक्ट गव्हर्नर (डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी जिल्हा नव्हे, तर रोटरीनं आखलेला अनेक क्लबांचा विभाग), ओसीव्ही म्हणजे त्यांची क्लबला होणारी अधिकृत भेट आणि टीआरएफ म्हणजे रोटरी फाउंडेशन, जिथून मोठ्या कामांना पैसा मिळतो. एवढं कळलं तरी पहिला महिना निघतो.

मी तालुक्याच्या गावातल्या क्लबात आधी नुसता सभासद होतो, मग खजिनदार झालो, मग सचिव. चुका तिन्ही ठिकाणी केल्या. खाली लिहिलंय ते रोटरीबद्दल असलं तरी लायन्स किंवा जायंट्सवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

पायरी १ : पिन लावण्याआधी दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न : वर्षाची फी किती आणि ती जाते कुठं? फीचा एक भाग आंतरराष्ट्रीय कार्यालयाला डॉलरच्या हिशेबानं जातो, एक डिस्ट्रिक्टला, उरलेला क्लब चालवायला. जेवणाचे पैसे कुठं फीमध्येच धरलेले असतात, कुठं दर बैठकीला वेगळे. हे विचारायला लाजू नका. लाजलेला माणूस डिसेंबरात फोन उचलायचा बंद होतो, हे मी खजिनदार असताना बघितलंय.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : बँकेत खाती किती? चांगल्या क्लबाची निदान दोन असतात. एकात सभासदांची फी, त्यातून हॉलचं भाडं, जेवण, पुष्पगुच्छ. दुसरं सेवाकार्याचं, बहुधा क्लबाच्या ट्रस्टच्या नावावर, त्यात लोकांनी दिलेली देणगी. देणगीतून आपला एक कप चहासुद्धा निघता कामा नये. ‘आपलं एकच खातं आहे, पण सगळं लिहून ठेवतो’ असं उत्तर आलं, तर सभासद व्हा, पण दुसरं खातं उघडून घेण्याचं काम स्वतःकडे घ्या.

पायरी २ : तीन महिने बैठकीला बसा

१९०५ च्या फेब्रुवारीत शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन ओळखीच्या माणसांना जमवलं. बैठका आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत व्हायच्या, म्हणून नाव रोटरी. म्हणजे बैठक हा या गाड्याचा मूळ आस आहे आणि तिथं गैरहजर राहून नुसते प्रकल्प करणाऱ्याला क्लब कधी कळत नाही.

बैठकीत घंटा वाजते, वाढदिवस होतात, पाहुणा बोलतो, शेवटी राष्ट्रगीत. मध्ये कुठंतरी ‘फोर वे टेस्ट’ म्हणतात : हे सत्य आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. हर्बर्ट टेलर या गृहस्थांनी १९३२ मध्ये डबघाईला आलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या कंपनीसाठी हे चार प्रश्न लिहिले होते. दर आठवड्याला म्हणून म्हणून त्यांचं ‘शुभं करोति’ होतं, हे खरं आहे. पण प्रकल्पाच्या बोर्ड मीटिंगमध्ये दुसरा प्रश्न एकदा मोठ्यानं विचारून बघा, खोली शांत होते.

जाता जाता एक. १९८९ पासून स्त्रियांना सभासद होता येतं. तरी बऱ्याच क्लबांत सभासदाच्या बायकोला अजून ‘ॲन’ म्हणतात आणि शिबिरातली नाव-नोंदणी, पोहे, रांगोळी तिच्याकडे येते. नव्या सभासद ताई असाल तर सुरुवातीलाच सांगा की तुम्हाला खजिना किंवा प्रकल्प हवा आहे. मागितल्याशिवाय मिळत नाही.

पायरी ३ : पहिलं काम रक्तदान शिबिराचं घ्या

सोपं म्हणून नाही, तर यात आयोजनाच्या सगळ्या खाचाखोचा एका दिवसात शिकायला मिळतात म्हणून.

तारीख ठरवतानाच पहिली चूक होते. नेत्यांचे वाढदिवस, जयंत्या, १ मे, १५ ऑगस्ट या दिवशी जिल्ह्यात जिकडेतिकडे शिबिरं असतात. त्या आठवड्यात रक्तपेढीकडे ठेवायला जागा नसते. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. एका दिवसात पाचशे बाटल्यांचा विक्रम केला की पेपरात फोटो येतो, पण त्यातलं काही वायाही जातं. टंचाई खरी असते ती मे महिन्यात कॉलेजं बंद असताना आणि दिवाळीच्या सुट्टीत. म्हणून रक्तपेढीला आधी फोन करा आणि विचारा : ‘तुम्हाला कधी कमी पडतं आणि एका वेळी किती बाटल्या झेपतील?’ त्यांनी ‘साठ’ म्हटलं तर साठच घ्या.

जागा तळमजल्यावरची हवी. पंखे, खाटा किंवा झोपायच्या खुर्च्या, हात धुवायला पाणी, दात्याला दान झाल्यावर पंधरा मिनिटं बसायला वेगळा कोपरा. रक्तदाता १८ ते ६५ वर्षांचा, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर. पुरुषांनी दोन दानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवायचं, बायकांनी चार महिन्यांचं. बायका मोठ्या संख्येनं परत जातात त्या हिमोग्लोबिनमुळे. त्यांना ‘नाही चालत’ एवढंच सांगून पाठवू नका. टेबलावर एक डॉक्टर किंवा नर्सताई बसवा, जी आकडा कागदावर लिहून देईल आणि पुढं काय करायचं ते सांगेल. आमच्या शिबिरात सगळ्यात उपयोगाचं टेबल हेच ठरलं.

उपाशी आलेल्याला झोपवू नका, आधी पोहे द्या. चक्कर आली तर आडवं करून पाय उंच करायचे, भोवती गर्दी करायची नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही. आणि बॅग, हेल्मेट, मिक्सर असली आमिषं ठेवू नका. भेटवस्तूसाठी आलेला माणूस कावीळ झाल्याचं लपवतो.

पायरी ४ : नेत्रशिबिर, म्हणजे शिबिरानंतरचे दोन महिने

इथं मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझं नाक इथं कापलं गेलं होतं.

सचिव असतानाचं पहिलं नेत्रशिबिर. झेडपीच्या शाळेत तपासणी, जिल्ह्याच्या गावच्या रुग्णालयातून डॉक्टरांची टीम, बाहेर मंडप, दारात बॅनर. दिवसभरात मोतीबिंदू निघालेल्यांची यादी झाली, चाळीसेक नावं. पुढच्या मंगळवारी सात वाजता बस येणार, ‘सगळ्यांनी स्टँडवर या’ असं सांगितलं. मंगळवारी बसमध्ये चौदा जण होते.

मग गावोगाव फिरून विचारलं. सोयाबीनची काढणी चालू होती, हे एक. कुणाबरोबर सोबतीला यायला माणूस नव्हता. यादीत लिहिलेले मोबाइल नंबर पुण्यात राहणाऱ्या मुलांचे होते आणि त्यांना शिबिराची खबरच नव्हती. दोघांची साखर इतकी वाढलेली होती की डॉक्टरांनी परत पाठवलंच असतं. आणि एक आजी, लुगड्याच्या गाठीत आमची चिठ्ठी जपून, सकाळी सहापासून स्टँडवर उभ्या होत्या. त्यांच्या लेखी स्टँड म्हणजे फाट्यावरचा वडापच्या जीपगाड्यांचा थांबा. आमच्या लेखी एसटी स्टँड. दोन्हींत अंतर तीन किलोमीटर. ‘गाडी आली न्हाई, म्हनलं सायेब इसरलं आसतील,’ एवढंच त्या म्हणाल्या. चिठ्ठीवर आमच्या क्लबाचं चक्राचं बोधचिन्ह छापलेलं होतं, थांब्याचं नाव नव्हतं.

तेव्हापासून आम्ही असं करतो. पेरणी आणि काढणीचे आठवडे टाळतो. नोंदणीच्या वेळी दोन नंबर घेतो, एक घरात राहणाऱ्याचा आणि एक शेजाऱ्याचा. साखर आणि रक्तदाब तपासणीच्याच दिवशी बघतो, ज्यांचा वाढलेला आहे त्यांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून महिन्याभरानं पुन्हा बोलावतो. बस प्रत्येक गावच्या देवळापाशी थांबते, कारण देऊळ सगळ्यांना एकच असतं. आदल्या संध्याकाळी आशाताई घरी जाऊन आठवण करतात. शस्त्रक्रिया मात्र रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्येच, शाळेत किंवा मंगल कार्यालयात कधीच नाही.

शस्त्रक्रिया झाली की तुमचं काम सुरू होतं. थेंब महिनाभर किंवा जास्त घालायचे असतात, वेळा ठरलेल्या असतात आणि डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नसतं. घरी थेंब कोण घालणार, हे रुग्णाला विचारून त्या माणसाचं नाव लिहून घ्या. फेरतपासणीला गाडी कोण देणार तेही आधीच ठरवा. साधारण महिना-दीड महिन्यानं चष्म्याचा नंबर काढतात आणि तो चष्मा बजेटात धरलेला नसतो, हे मी तीन क्लबांत पाहिलंय. चष्म्याविना आजींना तांदूळ निवडता येत नाहीत, मग शस्त्रक्रिया कशाला केली?

पायरी ५ : पैसा उभा करणं

नव्या सभासदाला बहुधा पावतीपुस्तक देऊन बाजारपेठेत पाठवतात. जाण्याआधी तपासा, पावतीवर ट्रस्टचं नाव, नोंदणी क्रमांक आणि पॅन आहे का. क्लबाकडे नोंदणीकृत ट्रस्ट नसेल आणि तुम्ही लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल, तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांची ४१ क कलमाखालची परवानगी लागते. ‘आम्ही रोटरीचे आहोत’ हे तिथं कारण चालत नाही.

व्यापारी विचारतो, ‘८०-जी मिळेल का?’ ट्रस्टला तशी मान्यता असेल तरच हो म्हणा. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी करसवलतीला धरत नाहीत, म्हणून चेक किंवा यूपीआय मागा. नव्या करप्रणालीत गेलेल्याला ही सवलत मिळतच नाही, हेही प्रामाणिकपणे सांगा. वर्ष संपल्यावर ट्रस्टनं आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरण भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते वेळेत पोचलं तर तोच व्यापारी पुढच्या वर्षी स्वतःहून फोन करतो. नाही पोचलं तर पुढची पाच वर्षं तुमच्याकडे बघून शटर ओढतो.

नाटकाचा प्रयोग हा आपल्याकडचा लाडका निधीमार्ग. गणित आधी कागदावर मांडा : नाटक कंपनीचं मानधन, नाट्यगृहाचं भाडं, लाइट-साउंडचं जादा, कलाकारांची राहणी-जेवण, तिकीट छपाई, फलक. मग पास. पासांनी आमचा एक प्रयोग बुडवला. हॉल भरलेला, टाळ्या भरपूर, पण पुढच्या चार रांगा फुकट बसलेल्या. आता आमचा नियम असा की अध्यक्षांनासुद्धा तिकीट विकत घ्यावं लागतं आणि नाट्यगृहातली सगळ्यात महाग तिकिटं सभासदच घेतात. नियम केला त्या वर्षी दोघे रुसले, तेही आता पहिल्या रांगेत बसतात.

स्मरणिकेतल्या जाहिराती, खाद्यमहोत्सव, दिवाळी पहाट, पहाटेची मॅरेथॉन, सगळ्याला हेच गणित. रस्त्यावरच्या कार्यक्रमाला पोलीस आणि नगरपालिकेची परवानगी लागते, अर्ज निदान महिनाभर आधी टाका. कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे त्यांनी समाजकार्यासाठी काढलेल्या पैशाकडे, वळायचं असेल तर ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी आणि मागच्या तीन वर्षांच्या कामाचे कागद तयार ठेवा.

पायरी ६ : पोलिओच्या बूथवर एक रविवार

जगभरच्या आरोग्याशी तुमचा पहिला संबंध अंगणवाडीच्या ओट्यावर येतो.

रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओप्लस ही पोलिओविरोधी मोहीम सुरू केली. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि इतरांसोबत जागतिक मोहीम उभी राहिली तेव्हा जगात वर्षाला साधारण साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती, सव्वाशे देशांत. आपल्याकडे २००९ मध्येसुद्धा ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२ झाले आणि २०११ मध्ये एकच : १३ जानेवारीला पश्चिम बंगालमधल्या हावड्याची मुलगी, भारतातली नैसर्गिक विषाणूची शेवटची रुग्ण. वापीचे कल्याण बॅनर्जी २०११-१२ चे रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते, त्यांच्याच वर्षात, फेब्रुवारी २०१२ मध्ये, भारताचं नाव पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून निघालं. २७ मार्च २०१४ ला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

‘मग आता थेंब कशाला?’ बूथवर हा प्रश्न दर तासाला येतो. उत्तर साधं आहे : नैसर्गिक विषाणू अजून पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात आहे आणि विषाणूला व्हिसा लागत नाही.

बूथवर तुम्ही पाहुणे नसता. सिस्टर आणि आशाताई सांगतील ते काम करायचं. कुपीवरचं छोटं चिन्ह बघायला शिका : जांभळट वर्तुळात फिकट चौकोन. चौकोन वर्तुळाहून फिकट आहे तोवर लस चालते. उन्हानं, उष्णतेनं तो गडद होत वर्तुळाच्या रंगाला आला की कुपी बाद. कुपी बर्फाच्या पेटीतून काढून टेबलावर ठेवून फोटो काढणारे रोटेरियन मी पाहिलेत, तसं करू नका. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला दोन थेंब, डाव्या करंगळीच्या नखावर शाई. पुढचे दिवस घरोघर फेरी होते आणि भिंतीवर खडूनं खूण करतात, सगळ्या मुलांना मिळाले असतील तर ‘पी’, राहिले असतील तर ‘एक्स’.

तुमची गाडी असेल तर ती ‘एक्स’ घरांसाठी द्या. वीटभट्टी, ऊसतोडणीच्या कोप्या, पुलाखालची पालं ही ठिकाणं पायी फिरणाऱ्या ताईंना लांब पडतात. ऊसतोड कामगारांची मुलं आज इथं तर महिन्यानं दुसऱ्या तालुक्यात असतात, म्हणून कोप्यांवर सकाळी फड सुटण्याआधी किंवा संध्याकाळी उसाची गाडी रिकामी झाल्यावरच जायचं.

पायरी ७ : ग्लोबल ग्रँट, पण दुसऱ्या वर्षी

पहिल्या वर्षी तुमच्या कानावर नुसतं पडू द्या. ग्रँट म्हणजे टीआरएफकडून मिळणारं अनुदान. छोट्या कामांना डिस्ट्रिक्ट ग्रँट असते. ग्लोबल ग्रँटसाठी प्रकल्प निदान ३०,००० डॉलरचा लागतो, इथला एक क्लब आणि परदेशातला एक क्लब असे दोन भागीदार लागतात आणि काम रोटरीनं ठरवलेल्या सात क्षेत्रांपैकी एकात बसावं लागतं : रोगप्रतिबंध, पाणी-स्वच्छता, माता-बाल आरोग्य, शिक्षण, शांतता, आर्थिक विकास, पर्यावरण. परदेशी पैसा स्वीकारायचा तर एफसीआरएचे, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचे, नियम आले, ते सीएकडून आधी समजून घ्या. परदेशातला भागीदार बऱ्याचदा आपल्याच गावातून गेलेल्या एखाद्या डॉक्टर किंवा इंजिनिअरमार्फत सापडतो, दिवाळीत घरी आलेला असताना त्याला गाठा.

अर्जाआधी गरजेची पाहणी बंधनकारक आहे आणि तीच खरी पायरी. डायलिसिसचं उदाहरण घ्या, कारण प्रत्येक क्लबाला डायलिसिस मशीन द्यायचं असतं. एका रुग्णाच्या चार तासांत मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबानं साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी जातं. ते तयार करताना आरओ प्लांट आणखी पाणी टाकून देतो, ते वेगळं. रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं. आता विचारा : मार्चपासून टँकरवर जगणाऱ्या तुमच्या तालुक्यात हे पाणी कुठून येणार? वीज गेली तर? टेक्निशियनचा पगार कोण देणार, तो सोडून गेला तर? रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का, नसेल तर दर खेपेला रुग्ण किती मोजणार? या चार प्रश्नांची लेखी उत्तरं रुग्णालयाकडून सहीनिशी घ्या. उत्तरं मिळाली नाहीत तर मशीन देऊ नका, फीत कापायला कितीही मोठा पाहुणा मिळत असला तरी.

मंजुरीनंतर वर्षाला अहवाल, काम संपल्यावर दोन महिन्यांत शेवटचा अहवाल. बिलं मूळ प्रतीत जपायची. शाई उडते, म्हणून थर्मल कागदाच्या पावत्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढायची.

पायरी ८ : जूनमधली फाइल

रोटरीचं वर्ष ३० जूनला संपतं आणि १ जुलैला सगळे पदाधिकारी बदलतात. त्यामुळे मेमध्ये केलेल्या शिबिराचे रुग्ण जुलैत कुणाचेच नसतात. तुमच्याकडे जे काम असेल त्याची फाइल जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच पुढच्या माणसाला समोर बसून द्या : लाभार्थ्यांची यादी, फेरतपासणीच्या तारखा, देणगीदारांचे पत्ते, देणं राहिलेली बिलं, आणि रक्तपेढीत नेमका कुणाला फोन लावायचा ते. फाइल फोनवर पाठवू नका, पीडीएफ कुणी उघडत नाही.

क्लबाच्या कपाटाला किल्ल्या दोन करा. एकच किल्ली होती तेव्हा आमचं रक्तदाब मोजायचं यंत्र दीड वर्ष आतच होतं आणि आम्ही प्रत्येक शिबिराला ते डॉक्टरांकडून मागून आणत होतो.